जपानीत ‘कुठे आहे?’ विचारलं की अडतंय? या क्रमाने तपासा

जपानी शिकायला लागलेल्या, आणि विशेषतः कामासाठी किंवा शिक्षणासाठी नुकत्याच जपानला पोचलेल्या मराठी मंडळींची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. ‘वाक्य पाठ आहे, परीक्षेत बरोबर येतं, पण रस्त्यात विचारलं की काहीतरी बिनसतं.’ बिनसण्याची कारणं फार नाहीत. तीच ती आठ-दहा आहेत आणि बहुतेक वेळा दोष पहिल्या तीन-चार तपासण्यांतच सापडतो. म्हणून आधी लक्षणं देतो, मग तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, मेहनतीच्या नंतर.

एक खूण लक्षात ठेवा. जपानी शब्द मी देवनागरीत लिहितोय. जिथे स्वर लांबवायचा आहे तिथे ऽ हे चिन्ह आहे. ते सजावटीसाठी नाही. अर्धी दुरुस्ती त्या चिन्हातच आहे.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं आहे ते आधी ठरवा.

- प्रश्न विचारल्यावर समोरचा ‘हाइ?’ किंवा ‘ए?’ म्हणतो आणि तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.
- तो अगदी आत्मविश्वासाने उत्तर देतो, पण तुम्ही भलत्याच ठिकाणी पोचता.
- ‘बँक कुठे आहे?’ विचारल्यावर उलट प्रश्न येतो, ‘कोणती बँक?’
- वहीत नि आणि दे या जागा दाखवणाऱ्या प्रत्ययांवर शिक्षकांच्या लाल खुणा थांबत नाहीत.
- ‘तुमची कंपनी कुठे?’ असं विचारलं गेलं, तुम्ही गावाचं नाव सांगितलं आणि समोरचा गोंधळला.
- फोनवर एकमेकांना शोधताना दोघंही ‘इथे’, ‘तिथे’ म्हणत राहता आणि भेट होत नाही.
- इमारत बरोबर, मजला चुकीचा.
- प्रश्न उत्तम जमला, उत्तर सगळं डोक्यावरून गेलं.

शेवटचं लक्षण सर्वांत जास्त आढळतं. पण त्याची दुरुस्ती शेवटीच आहे, कारण तिला वेळ लागतो. आधीचे दोष काढल्याशिवाय तिकडे उडी मारू नका.

पहिली तपासणी: सुमिमासेन म्हणून थांबता का?

याला खर्च शून्य. ‘सुमिमासेन’ (माफ करा, जरा ऐकता का) म्हणा आणि थांबा. समोरच्याने मान वळवली, ‘हाइ’ म्हटलं की मग प्रश्न. स्टेशनावर माणसं वेगात चाललेली असतात, आणि परक्या चेहऱ्याकडून जपानी ऐकू येईल अशी त्यांची अपेक्षा नसते. तुम्ही थेट ठिकाणाच्या नावाने सुरुवात केलीत तर नेमकं ते नावच त्यांच्या कानावरून निसटतं आणि हाती उरतं नुसतं ‘दोको देस का’. पहिलं लक्षण असलेल्या बऱ्याच जणांचा दोष इथेच निघतो.

दुसरी तपासणी: वाक्य मराठीतून रचताय की इंग्रजीतून?

साधा प्रश्न असा:

एकि वा दोको देस का.

एकि म्हणजे स्टेशन, दोको म्हणजे कुठे, देस म्हणजे आहे; वा हा ज्याच्याबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय आणि का ही प्रश्नाची खूण. ‘स्टेशन कुठे आहे’ हाच क्रम. मराठी माणसाला शब्दांची अदलाबदल करावीच लागत नाही. तरीही इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलं ‘कुठे’पासून वाक्य सुरू करतात आणि मग ‘दोको देस का… एकि… वा’ अशी ओढाताण होते. मनातल्या मनात आधी मराठीत विचारा. क्रम आपोआप लागतो.

मात्र एका जागी मराठी दगा देते. ‘हे स्टेशन आहे का?’ यात आपण ‘का’ लावतो, ‘स्टेशन कुठे आहे?’ यात लावत नाही. जपानी सभ्य बोलीत तो दोन्हीकडे लागतो. म्हणून मराठी विद्यार्थी ‘एकि वा दोको देस’ म्हणून थांबतात आणि ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटतं. मित्रांमध्ये नुसतं ‘एकि, दोको?’ चालतं, पण तिथे देससुद्धा जातो. देस ठेवलात तर का पण ठेवा.

आणि ‘देसु’ असं ठासून म्हणू नका. शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही.

तिसरी तपासणी: स्वर लांबतोय का?

भलत्या ठिकाणी पोचण्याचं मुख्य कारण हे आहे, आणि मराठी माणसाला ते का भोवतं ते नीट समजून घ्या. आपल्या लिपीत इ-ई आणि उ-ऊ अशा जोड्या आहेत, पण ओ आणि ए यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद लिहिण्याची सोय नाही. शिवाय रोजच्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थ बदलला असं आपल्याकडे क्वचितच होतं. म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही. जपानी कान मात्र ठोके मोजतो. एक ठोका कमी पडला की तो दुसराच शब्द ऐकतो.

ठिकाणांच्या शब्दांत हे फार येतं:

ब्योऽइन म्हणजे दवाखाना, हॉस्पिटल. बियोऽइन म्हणजे ब्युटी पार्लर. पहिल्यात चार ठोके, ब्यो-ओ-इ-न. दुसऱ्यात पाच, बि-यो-ओ-इ-न. घाईत किंवा घाबरून बोललात तर ब्यो फुटून बि-यो होतं, आणि ताप आलेला माणूस पार्लरच्या दारात उभा राहतो.

कोको म्हणजे इथे. कोऽकोऽ म्हणजे हायस्कूल (आपल्याकडचं अकरावी-बारावी त्यातच येतं). कुऽकोऽ म्हणजे विमानतळ. शेवटचे दोन टॅक्सीत सांगताना जपून.

बिरु म्हणजे इमारत, बिऽरु म्हणजे बिअर. चिझु म्हणजे नकाशा, चिऽझु म्हणजे चीज.

गावांची नावंही घ्या. आपण टोकियो म्हणतो, ते आहे तोऽक्योऽ, चार ठोके. क्योटो म्हणजे क्योऽतो, तीन. ओसाका म्हणजे ओऽसाका, चार. शिंकानसेन (बुलेट ट्रेन) जिथे थांबते ते स्टेशन शिन-ओऽसाका. तिथला न स्वतंत्र ठोका आहे, पुढच्या ओ ला चिकटवून ‘शिनोसाका’ केलंत तर ओळखू येत नाही. आणि ते ओऽसाका स्टेशनपेक्षा वेगळं स्टेशन आहे, एवढंही लक्षात असू द्या.

जोडाक्षरांची मात्र आपल्याला अडचण नाही. मास्सुगु, गाक्कोऽ, साप्पोरो यांतलं द्वित्व ‘पक्का’, ‘कच्चा’ म्हणणाऱ्या तोंडाला सहज येतं. इतर भाषिक जिथे महिनोन्महिने घालवतात ती पायरी आपण फुकटात चढतो. तो वेळ लांब स्वरांना द्या.

तपासायचं कसं? टाळी वाजवत शब्द म्हणा, एका ठोक्याला एक टाळी. मग मोबाईलच्या कीबोर्डची भाषा जपानी करून माइकवर तोच शब्द बोला. पडद्यावर दवाखाना उमटला की पार्लर, ते लगेच कळतं. एकटा शब्द मशीन कधी अंदाजाने सुधारून घेतं, म्हणून दोन्ही शब्द आलटून पालटून बोला. दोन्ही वेळा वेगळे उमटले पाहिजेत. वहीत शब्द उतरवताना ऽ लिहायची सवय आजपासूनच लावा, आणि शक्य तितक्या लवकर हिरागाना लिपीवर या. तिथे लांब स्वराला स्वतःचं अक्षर खर्च होतं, त्यामुळे विसरताच येत नाही.

चौथी तपासणी: ‘आहे का?’ विचारायचंय की ‘कुठे आहे?’

ही दोन वेगळी हत्यारं आहेत आणि नवशिक्यांकडे बहुधा एकच असतं.

स्टेशन, अमुक हॉटेल, तमुक देऊळ… ते आहे हे दोघांनाही माहीत आहे. तिथे:

सुमिमासेन, एकि वा दोको देस का.

पण बँक, औषधाचं दुकान, कोंबिनि (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) आसपास आहे की नाही हेच माहीत नसेल तर:

कोनो चिकाकु नि कोंबिनि वा आरिमास का. ‘इथे जवळपास कोंबिनि आहे का?’

मराठीत आपण हा फरक न शिकता करतो. अनोळखी गावात उतरल्यावर ‘एटीएम कुठे आहे?’ म्हणण्याआधी ‘इथे कुठे एटीएम आहे का?’ असंच विचारतो. जपानीत मात्र पाठ केलेलं एकच वाक्य सगळीकडे वापरलं जातं. तुम्ही ‘गिंकोऽ वा दोको देस का’ म्हटलंत की वा या प्रत्ययामुळे समोरच्याला वाटतं, तुमच्या मनात एक ठरावीक बँक आहे. मग तो विचारतो, कोणती? तिसऱ्या लक्षणाचं मूळ हे.

दुकानातही हाच क्रम ठेवा. आधी ‘तामागो वा आरिमास का’, अंडी आहेत का. मग ‘दोको देस का’. मोठ्या दुकानात वस्तूऐवजी तिचा विभाग विचारला तर उत्तर झटकन मिळतं. उरिबा म्हणजे विक्रीची जागा. ‘कुत्सु-उरिबा वा नानगाइ देस का’, चपला-बुटांचा विभाग कितव्या मजल्यावर?

पाचवी तपासणी: आरिमास की इमास?

मराठीत पुस्तकही ‘आहे’ आणि काकूही ‘आहेत’. जपानीत निर्जीव वस्तू, जागा आणि झाडं यांना आरिमास. माणसं, जनावरं, पक्षी यांना इमास. ‘तानाका-सान वा दोको नि इमास का’. झाड जिवंत असलं तरी आरिमास, कारण ते स्वतःहून हलत नाही. उलट चालक बसलेली टॅक्सी समोर उभी असेल तर जपानी माणूस इमास म्हणताना ऐकू येईल.

रस्त्यात आठवत नसेल तर ‘दोको देस का’ म्हणा. ते माणसालाही चालतं, इमारतीलाही. परीक्षेत मात्र ही पळवाट नाही.

सहावी तपासणी: नि, दे, की काहीच नाही?

लाल खुणा इथल्याच. मराठीत ‘स्टेशनवर आहे’, ‘स्टेशनवर भेटू’, ‘स्टेशनवर तिकीट मिळतं’ या सगळ्याला एकच ‘वर’. जपानी इथे दोन वाटा करते. एखादी गोष्ट तिथे आहे एवढंच सांगायचं असेल तर नि. तिथे काही करायचं, घडायचं असेल तर दे.

किप्पु-उरिबा वा एकि नो नाका नि आरिमास. तिकिटाची खिडकी स्टेशनच्या आत आहे.
एकि दे आइमाशोऽ. स्टेशनवर भेटू.
किप्पु वा दोको दे काएमास का. तिकीट कुठे घेता येईल?

हा तिसरा साचा जरूर पाठ करा. प्रवासात ‘कुठे आहे’ एवढंच ‘कुठे घेता येईल’ लागतं.

दोष पक्का शोधायचा तर हे दोन प्रश्न शेजारी ठेवा:

काइगिशित्सु वा दोको नि आरिमास का.
काइगि वा दोको दे आरिमास का.

पहिला बैठकीच्या खोलीबद्दल आहे. खोली जागेवर असते, म्हणून नि. दुसरा बैठकीबद्दल. बैठक भरते, घडते, म्हणून दे, जरी क्रियापद तेच आरिमास असलं तरी. परीक्षा, उत्सव, मॅच, लग्न यांनाही दे. हा फरक ज्याला उलगडला त्याच्या वहीतल्या खुणा झपाट्याने कमी होतात, कारण आता तो क्रियापद पाठ करून प्रत्यय लावत नाही. ती गोष्ट जागेवर आहे की घडते आहे हे बघतो. एक अपवाद मात्र सोबत घ्या: राहणे, वास्तव्य करणे. ‘नाकानो नि सुंदे इमास’, मी नाकानोत (हे जागेचं नाव) राहतो, तिथे नि.

आणि ‘दोको नि देस का’ हे वाक्य अस्तित्वात नाही. देस आला की आधी नि नको. दोन साचे अर्धे अर्धे आठवून ते तयार होतं. एकतर ‘दोको देस का’, नाहीतर ‘दोको नि आरिमास का’.

वा आणि गा यांबद्दल या पातळीवर एवढंच पुरे: दोको (कुठे), नानि (काय), दारे (कोण) अशा प्रश्नशब्दाच्या मागे वा लावू नका. ‘दोको गा इरिगुचि देस का’, आत जायची वाट कोणती? तिथे गा. बाकीचं पुढे कधीतरी.

सातवी तपासणी: ‘समोर’ म्हणजे नक्की कुठे?

ठिकाणांची रचना आपल्यासारखीच आहे. ‘बँकेच्या शेजारी’ म्हणजे गिंकोऽ नो तोनारि. ‘च्या’ म्हणजे नो. तो गाळायचा नाही; ‘गिंकोऽ तोनारि’ हे ‘बँक शेजारी’ इतकंच अपुरं. तोनारि आणि योको यांचा भेदही शेजारी आणि बाजूला यांच्या जवळचा आहे. घराशेजारी घर, माणसाशेजारी माणूस तिथे तोनारि. दाराच्या बाजूला छत्री असेल तर योको.

घोळ होतो तो ‘समोर’चा. मराठीत बँकेच्या दारात उभं राहिलं तरी बँकेसमोर आणि रस्त्यापलीकडे उभं राहिलं तरी बँकेसमोर. जपानीत दारापुढे म्हणजे माए, रस्त्यापलीकडे तोंड करून असलेलं ते मुकाइ. ‘गिंकोऽ नो माए’ ऐकून पलीकडच्या फुटपाथवर शोधत फिरणारी माणसं मी नेहमी पाहतो. उत्तरात माए आलं की रस्ता ओलांडू नका.

आठवी तपासणी: कोको, सोको, आसोको

मराठीत इथे आणि तिथे. जपानीत तीन: माझ्यापाशी कोको, तुझ्यापाशी सोको, दोघांपासून लांब आसोको. समोरासमोर असताना बोट दाखवून निभावतं. फोनवर निभावत नाही, कारण तिथे ऐकणाऱ्याची जागा हीच मुख्य गोष्ट असते. वाट चुकलेल्या मित्राला ‘आसोको’ म्हणालात तर तो तिसरीच जागा शोधू लागतो. त्याच्या जागेला सोको म्हणा आणि हे विचारा:

सोको कारा नानि गा मिएमास का. तिथून काय दिसतंय?

‘तू कुठे आहेस?’ याचं उत्तर वाट चुकलेला माणूस देऊच शकत नाही. काय दिसतंय ते मात्र सांगू शकतो.

याच कुटुंबातले सभ्य शब्द कोचिरा, सोचिरा, आचिरा, दोचिरा. दुकानात, कचेरीत, वडीलधाऱ्यांशी ‘दोको’ऐवजी ‘दोचिरा’. ‘ओतेआराइ वा दोचिरा देस का’, स्वच्छतागृह कुठे आहे? पण ‘काइशा वा दोचिरा देस का’ असं कोणी विचारलं तर सहसा तो कंपनीचं नाव विचारत असतो, पत्ता नाही. ‘ओकुनि वा दोचिरा देस का’ म्हणजे कोणत्या देशाचे. पाचव्या लक्षणाची दुरुस्ती एवढीच: नाव सांगा.

नववी तपासणी: तिथल्या भूगोलाला धरून प्रश्न विचारताय का?

इथून पुढे भाषा बरोबर असूनही काम अडतं. भाषेचं पुस्तक हे सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मजले. त्यांचा इक्काइ, म्हणजे पहिला मजला, हा आपला तळमजला. आपला पहिला तो त्यांचा निकाइ. ‘सानगाइ देस’ ऐकलं तर लिफ्टमध्ये ३ दाबा आणि विचार करू नका. जिना चढत असाल तर दोनच जिने. चिका इक्काइ म्हणजे जमिनीखालचा पहिला मजला, लिफ्टमध्ये तो ‘बी १’ असतो.

स्टेशनचे दरवाजे. मोठ्या स्टेशनात ‘बाहेर कुठून जायचं’ हा प्रश्न फार मोघम आहे. तोऽक्योऽतल्या शिंजुकु स्टेशनात पूर्व, पश्चिम, दक्षिण असे दरवाजे आहेत (हिगाशि-गुचि, निशि-गुचि, मिनामि-गुचि) आणि चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर परत यायला बराच वेळ जातो. तोऽक्योऽ स्टेशनची एक बाजू मारुनोउचि, दुसरी याएसु. इकेबुकुरोत तर सेइबु हे दुकान पूर्वेच्या दरवाज्याला आणि तोऽबु पश्चिमेच्या, जरी सेइ म्हणजे पश्चिम आणि तोऽ म्हणजे पूर्व; तिथे नावावरून अंदाज बांधू नका. भुयारी रेल्वेच्या दरवाज्यांना आकडे असतात. म्हणून प्रश्न असा ठेवा: अमुक ठिकाण ‘वा नानबान देगुचि देस का’, कितव्या नंबरच्या दरवाज्याने? उत्तर एका आकड्यात येतं, आणि आकडे तुम्हाला कळतात.

एकाच जागेची दोन नावं. ओऽसाका शहरात जेआरचं (जपान रेल्वेचं) स्टेशन ओऽसाका, तर त्याला लागून असलेली हांक्यूऽ आणि हानशिन या खासगी रेल्वेंची स्टेशनं २०१९ पासून ओऽसाका-उमेदा, आणि भुयारी रेल्वेची उमेदा, निशि-उमेदा, हिगाशि-उमेदा. नुसतं स्टेशन कुठे आहे विचारण्याआधी कोणत्या रेल्वेचं ते आधी सांगा.

रस्त्यांची नावं. बहुतेक जपानी शहरांत लहान रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता मोठ्यापासून लहानाकडे जातो: प्रांत, शहर, विभाग, मग चोऽमे, बांचि, गोऽ हे आकडे. आकडे रस्त्यांना नसून रस्त्यांनी वेढलेल्या तुकड्यांना दिलेले असतात. म्हणून ‘हे कोणत्या रोडवर आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पत्ता जपानी लिपीत मोबाईलवर उघडा आणि दाखवून म्हणा, ‘कोनो जुऽशो वा दोको देस का’. क्योऽतो याला अपवाद. तिथे रस्त्यांच्या नावांवरून पत्ते सांगतात. आगारु म्हणजे उत्तरेकडे, सागारु म्हणजे दक्षिणेकडे. साप्पोरोच्या मध्यवस्तीतही चौकटीचा हिशेब आहे, उत्तर अमुक, पश्चिम तमुक असा.

दहावी तपासणी: उत्तर झेलण्याची तयारी

आता सर्वांत अवघड. तुमचा प्रश्न जितका सफाईदार, तितकं उत्तर वेगात येतं, कारण समोरच्याला वाटतं तुम्हाला चांगलं येतं. सगळं समजून घ्यायचा प्रयत्न सोडा. तीनच गोष्टी पकडा: दिशा, आकडा, खूण.

दिशा: मिगि उजवी, हिदारि डावी, मास्सुगु सरळ.
आकडा: हितोत्सुमे पहिला, फुतात्सुमे दुसरा, मित्त्सुमे तिसरा.
खूण: शिंगोऽ सिग्नल, कादो कोपरा, कोऽसातेन चौक, हाशि पूल, फुमिकिरि रेल्वे फाटक, त्सुकिआतारि म्हणजे रस्ता संपून समोर आडवी येणारी जागा.

‘आनो शिंगोऽ ओ वातात्ते, मास्सुगु इत्ते, फुतात्सुमे नो कादो ओ हिदारि नि मागात्ते कुदासाइ’ यातून तुम्हाला सिग्नल, सरळ, दुसरा कोपरा, डावीकडे एवढं मिळालं की झालं. वातात्ते म्हणजे ओलांडून, मागात्ते म्हणजे वळून. हे दोन आले की दुधात साखर.

मग जे पकडलंत ते परत म्हणून दाखवा: ‘फुतात्सुमे नो कादो ओ हिदारि देस ने’. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ‘हाइ, हाइ’ म्हणत मान डोलावतात आणि पुढच्या चौकात उभे राहतात. परत म्हटल्याने चूक तिथल्या तिथे सुधारली जाते, आणि समोरचा आपोआप सावकाश बोलू लागतो. नाहीच कळलं तर ‘मोऽ इचिदो, युक्कुरि ओनेगाइ शिमास’, पुन्हा एकदा, सावकाश. त्यानेही नाही जमलं तर नकाशा पुढे करा: ‘कोनो चिझु दे दोको देस का’. बोट ठेवून मिळालेलं उत्तर पूर्ण उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

सरावासाठी जोडीदार घ्या. एकाने आपल्याच गावातली वाट जपानीत सांगायची, दुसऱ्याने न बघता कागदावर रेघ काढायची. डेक्कनहून मंडई, दादर स्टेशनहून चैत्यभूमी, काहीही चालेल. वाट पायाखालची असल्यामुळे चूक लगेच दिसते. पुस्तकातल्या काल्पनिक नकाशापेक्षा याने कान लवकर तयार होतो.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

समोरचा मान तिरकी करून ‘चोत्तो…’ म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं, तर त्याला माहीत नाही असं समजा. आभार मानून पुढे व्हा; त्याला प्रश्न पुन्हा समजावत बसू नका. दोन माणसांना विचारून झालं आणि दोन वेगळी उत्तरं आली तर तिसऱ्याला विचारू नका. कोऽबान गाठा. ही चौकातली छोटी पोलीस चौकी असते, वाट सांगणं हे तिथल्या रोजच्या कामांपैकी एक आहे आणि परिसराचा तपशीलवार नकाशा तिथे असतो. ‘कोऽबान वा दोको देस का’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यांत आधी पाठ असावं. पोलिसांकडे जायला आपल्याकडची माणसं कचरतात. वाट विचारण्यासाठी कचरू नका. स्टेशनाच्या आत असाल तर गेटजवळच्या एकि-इन, म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्याकडे जा.

शिकण्याच्या बाजूने: टाळ्यांचा आणि मोबाईलचा सराव नेमाने करूनही ब्योऽइन आणि बियोऽइन एकच उमटत असतील तर एकट्याने झगडणं थांबवा. स्वतःचा कान स्वतःची चूक ऐकत नाही. अनुभवी शिक्षकांसमोर बसून उच्चार तपासून घ्या. जुलैत आणि डिसेंबरात होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या निकालावर यासाठी विसंबू नका. त्या परीक्षेत वाचायचं असतं, ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. एन ५ ही तिची सर्वांत सोपी पातळी उत्तम गुणांनी पास झालेल्यांचे लांब स्वरही आखूड असू शकतात.

आणि कोणी आजारी असेल, अपघात झाला असेल, मागे कोणी लागलं असेल तर भाषेचा सराव तिथेच बंद. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११०. प्रवासी असाल आणि इंग्रजीत मदत हवी असेल तर जपानच्या पर्यटन संस्थेची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, ०५०-३८१६-२७८७. ११९ वर ‘क्यूऽक्यूऽशा ओनेगाइ शिमास’ म्हणा, रुग्णवाहिका पाठवा. त्यानंतर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, कुठे आहात? त्या वेळी आजूबाजूला पेयांचं व्हेंडिंग मशीन शोधा. त्यावर त्या जागेचा पत्ता चिकटवलेला असतो. विजेच्या खांबांवरही बऱ्याच ठिकाणी चोऽमे आणि बांचिचे आकडे असतात. लिपी वाचता येत नसेल तर तो पत्ता जवळच्या कोणालाही दाखवा, हातात फोन द्या आणि म्हणा, ‘ओनेगाइ शिमास’.